त्याच्या तोंडी माझा आवाज

९ जानेवारी

हो म्हणून आलो. झक मारली!

दिग्दर्शक बाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या – माहितीपट आहे, एकच माणूस, भरपूर काम. मला वाटलं असेल कुणी शास्त्रज्ञ, नाहीतर जंगलात एकटा राहणारा म्हातारा. म्हातारे मला छान जमतात. स्टुडिओत गेलो तर पडद्यावर तो! बसस्थानकाच्या स्फोटानंतर ज्याचा फोटो प्रत्येक भिंतीवर लागलाय, ज्याला चार देशांचे पोलीस शोधतायत, तोच.

बाई म्हणाल्या, "राक्षस दाखवून काही उपयोग नाही हो. हा असा कसा झाला, ते लोकांना कळायला हवं. त्याच्या तरुणपणापासूनचं चित्रण मिळालंय. पण त्याची भाषा इथे कुणाच्या बापाला येत नाही. तुम्ही त्याला आपल्या भाषेत बोलतं करा." मूळ आवाज खाली ठेवायचा नाही म्हणे, साफ पुसायचा. ओठ आणि शब्द असे जुळवायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच गल्लीत वाढला.

मी म्हणायला हवं होतं – बाई, त्या स्फोटात माझा मेहुणा गेला. बायकोचा सख्खा थोरला भाऊ. आणि म्हणालो काय? "कधीपासून सुरू करायचं?"

इतकी वर्षं कार्टूनमधलं अस्वल, खोकल्याचं औषध आणि परदेशी सिनेमातले दुसऱ्या नंबरचे गुंड केले. मुख्य भूमिका पहिल्यांदाच मिळाली आणि ती ही!

हिला कसं सांगू?

१० जानेवारी

सांगितलं नाही. बटाटे सोलून दिले, तेही न सांगता. तिला संशय आलाय.

११ जानेवारी

सांगितलं. ही भांडी विसळत होती. मी इकडचं तिकडचं बोलून एकदम ओकून टाकलं. नळ बंद केला तिनं. हात पुसले. मला वाटलं आता ताट येतंय डोक्यात.

"तूच कर," म्हणाली.

"अगं, दादाला ज्यानं –"

"म्हणूनच. टीव्हीवर कापून कापून दाखवतील. तू सगळं ऐकशील, न कापलेलं."

मग खुर्चीवर बसली. दादा गेल्यापासून तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला आज पहिल्यांदा कळलं. तिला बदला नकोय. फाशी नकोय. तिला त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचंय – चुकलं माझं. स्फोटाबद्दल नाही म्हणणार तो, हे तिलाही कळतं. "पण कधीतरी म्हणाला असेल ना रे? कशाबद्दल तरी? कप फोडला म्हणून, कुणाचा पाय तुडवला म्हणून. तेवढं मला शोधून दे. म्हणजे मला वाटेल की माणसानं मारलं दादाला."

दादा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बसच्या पार्सल खिडकीवर रबरी वायसरचं खोकं आणायला गेला होता. खोकं धड परत मिळालं. अजून आमच्या माळ्यावर आहे.

मी कबूल केलं. शोधून देतो म्हणालो.

१४ जानेवारी

पहिला दिवस. आमच्या कामात शब्द नंतर येतात, आधी समोरच्याचा श्वास पाठ करावा लागतो. तो कुठे घेतो, कुठे दाबून ठेवतो, वाक्याआधी की वाक्याच्या मध्येच. श्वास जुळला की ओठ आपोआप जुळतात. मी सकाळभर हेडफोन लावून नुसता त्याच्याबरोबर श्वास घेत बसलो. काचेपलीकडे बटण – आमचा रेकॉर्डिंगवाला, खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल – जांभया देत होता.

आणि हा माणूस कोण होता माहीत आहे? पोहायला शिकवायचा! नगरपालिकेच्या तलावावर. नगरपालिकेनंच 'प्रौढांनो, पोहायला शिका' अशी फिल्म काढली होती, त्यात हा. पंचविशीचा, काटकुळा, कान मोठे. एक जाडा माणूस तलावाच्या काठाचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा. पार थरथरतोय. हा त्याच्याशी बोलतोय. ओरडत नाही, हसत नाही. "सोडा दांडा. सोडा हो. तुमच्या पाठीखाली माझा हात आहे. मी सांगितल्याशिवाय काढणार नाही." आणि तो जाडा सोडतो! पालथा होतो, उताणा होतो, तरंगायला लागतो. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद की मी टेक घ्यायचा विसरलो.

चांगला होता. कामाला, म्हणजे. लिहायला नको, पण लिहितो – आवडला मला.

१५ जानेवारी

दारातच विचारलं हिनं. "म्हणाला का?"

"अजून नाही."

१९ जानेवारी

ही आज स्टुडिओत आली. नको म्हणत होतो. बाईंना मी सांगून टाकलंय दादाबद्दल – त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग म्हणाल्या, "हवं तर थांबूया." ही म्हणाली, "थांबायचं कशाला? मी बसते कोपऱ्यात."

त्याच्या बहिणीच्या लग्नाची टेप होती. बिनबाह्यांचा कोट घातलेला, हातात पेला, भाषण करतोय. "माझ्या मेहुण्यानं आधी पोहायला शिकावं. माझी बहीण स्वतः कधी बुडत नाही, बरोबरच्याला बुडवते." मी टेक दिला. नेमका ठेका पकडला, 'बरोबरच्याला' आधी जरा थांबून. आणि कोपऱ्यातून खुदकन आवाज आला.

ही हसली होती.

दादा गेल्यापासून ती हसलेली मी ऐकली नव्हती. बटणनं मान वर केली. बाईंनी वर केली. हिनं तोंडावर हात दाबला आणि उठून बाहेर गेली. बराच वेळ नळाचं पाणी वाजत होतं.

घरी आलो. जिन्यात म्हणाली, "तू इतकं छान का बोललास?"

"माझं कामच आहे ते."

"माहितीये. पण का?"

२३ जानेवारी

बाईंच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. त्यावर त्याचं आयुष्य. बाप मारायचा. आई लवकर गेली. तलावावरची नोकरी सुटली. तुरुंग. तुरुंगात कुणीतरी भेटला. बाई खडूनं बाण काढतात, पुसतात, पुन्हा काढतात. आज म्हणाल्या, "कुठेतरी एक जागा असणार, जिथे हा वळला." बटण चहा देता देता म्हणाला, "माझा बापही मारायचा, बाई. मी बटणं दाबतो." बाईंना राग आला, पण तो बाण त्यांनी पुसला.

नोकरी सुटली ती कशी, ते आज रेकॉर्ड केलं. रेडिओवरची मुलाखत आहे. तलावात एक मुलगा बुडाला. हा पाच पावलांवर होता. चौकशीत कुणालाच दोषी धरलं नाही, तरी याला काढलं. मुलाखत घेणारा विचारतो – तुम्हाला काय वाटतं आता? मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, इथे येणार! हीच ती जागा. हिचं वाक्य.

तो म्हणतो – "मुलगा घाबरला. पाणी सगळ्यांना धरतं, तो घाबरला म्हणून बुडाला."

बास. एवढंच.

मी टेक दिला, पण 'बुडाला'वर आवाज किंचित कापवला. इतकासा. हिच्यासाठी. बाईंनी लगेच थांबवलं. "पश्चात्ताप घालू नका त्यात. त्याच्याकडे नाहीये."

"तुम्हाला काय ठाऊक? माणसाच्या पोटात काय असतं ते!"

"पोटातलं दाखवायचं असतं तर एक्सरेवाल्याला बोलावलं असतं. टेपवर आहे तेवढंच द्या."

दिलं. कोरडं ठणठणीत. अगदी बरोबर झालं आणि मला भयंकर वाटलं.

घरी हिनं विचारलं नाही. नुसतं बघितलं. मी मान हलवली.

२८ जानेवारी

विचित्र झालं आज. मधल्या सुट्टीत बाई थट्टेनं म्हणाल्या, "काय हो, पुढचं सगळं आजच उरकायचं का?" आणि मी त्याच्या आवाजात म्हणालो, "घाई तुम्हाला आहे बाई, पाण्याला नाही." कागदावर नव्हतं, ठरवलं नव्हतं. सगळे हसले. मग हसणं मध्येच बंद पडलं. बटण म्हणाला, "हे आत्ता कोण बोललं?" गमतीनंच म्हणाला. पण हेडफोन काढून ठेवले त्यानं.

आता त्याचं म्हणून जे काही बोलायचं ते मला आधीच सुचतं. भाषांतराचा कागद समोर येण्याआधी वाक्य तोंडात तयार! बाई खूश आहेत. म्हणतात, वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्यांना कळला नाही तेवढा तुम्हाला कळलाय.

आणि घरी – ही स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढत होती. स्टूल हललं. मी धावलो, मागून धरलं, म्हणालो, "सोड तू. माझा हात आहे."

ती खाली उतरली. सावकाश. माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. आमच्याकडे आतल्या खोलीला कधी कडी लावत नाहीत. ती गंजली होती, लावतानाचं करकरणं अजून कानात आहे.

२ फेब्रुवारी

शेवटचा तुकडा. स्फोटानंतर त्यानं पाठवलेला संदेश. मी रोज पुढे ढकलत होतो. आज बाई म्हणाल्या, आता पुरे.

पोट वाढलंय त्याचं. दाढी पांढरी. मागे नुसती भिंत, आणि बाहेर कुठेतरी वारा. पण श्वास तोच! तलावावरचा. मेलेल्यांचा उल्लेखसुद्धा नाही, जसं काही बसस्थानकात कुणी नव्हतंच. आपल्या माणसांना धीर देतोय, सोडा म्हणतोय, भीती सोडा. मी उभ्या उभ्या एका दमात केलं. बसलो असतो तर उठलो नसतो.

शेवटी एक अडचण होती. वाक्य संपतं, पण त्याचं तोंड आणखी हलतं. मूळ टेपवर तिथे वाऱ्याचा घोंगाट आहे, शब्द ऐकू येत नाही, म्हणून भाषांतरात काही नाही. हलणारं तोंड मुकं ठेवलं तर बघणाऱ्याला वाटतं आवाज गेला. अशा वेळी आम्ही काहीतरी भरतो. त्याला तोंड भरणं म्हणतात. 'बरं का', 'काय', 'चला तर', ओठांत बसेल ते. वीस वर्षं भरतोय, त्यात विचार नसतो. भरलं. बटण म्हणाला, "झकास बसलं!" बाईंनी काचेपलीकडून अंगठा दाखवला.

काय भरलं तेही आठवत नाही. सुटलो!

घरी येऊन हिला सांगितलं – सगळं ऐकून झालं. नाही म्हणाला तो. कुठेच नाही, कप फोडल्यावरही नाही.

"बरं," म्हणाली.

९ फेब्रुवारी

आज संध्याकाळी दाखवला. आम्ही दोघंच बसलो होतो. मी तिला म्हटलं, नको बघूस. तिनं रिमोट स्वतःच्या मांडीखाली घेतला.

फिल्म चांगली झालीय. खरंच चांगली. तलाव, लग्न, रेडिओ. मग तुरुंग. मध्ये मध्ये बाईंचं निवेदन – संयमी, कुठे आरडाओरडा नाही. मग बसस्थानक. मेलेल्यांचे फोटो, दादाचाही. पंपाच्या दुकानासमोरचा, डोळे बारीक केलेला. ही ताठ बसली होती. मग तो संदेश. मी माझाच आवाज ऐकत होतो.

शेवटी तो म्हणाला – "या सावकाश. मी आहे."

हिनं माझ्याकडे मान वळवली.

दादाचं वाक्य. देवा! दादाचं! फोन ठेवताना तो दर वेळी हेच म्हणायचा. आम्ही निघतोय म्हटलं की – या सावकाश, मी आहे. लग्नानंतर ही पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा, आमची गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा, ऑपरेशनला निघालो तेव्हा. त्या सकाळी पार्सलच्या खिडकीवरून फोन केला होता तेव्हाही. संध्याकाळी त्याच्याकडे जेवायला जाणार होतो आम्ही.

"हे तो म्हणाला?" हिनं विचारलं. आवाज अगदी साधा.

हो म्हणू शकलो असतो. जमलं असतं. योगायोग म्हणून सोडून दिलं असतं तिनं.

"नाही. तोंड उघडं होतं त्याचं. मी भरलं."

"दादाच्या शब्दांनी?"

"मला कळलंच नाही गं. आपोआप आलं. ओठांत बसलं."

"बसलं," ती म्हणाली. मग हसायला लागली. लग्नाच्या टेपला हसली होती तसं नाही. थांबेना. पाणी आणलं तर पेला भिंतीवर फेकला.

१० फेब्रुवारी

बाईंना फोन केला. ते वाक्य काढा म्हटलं. पुढच्या वेळी दाखवताना काढतो म्हणाल्या, अगदी मनापासून माफी मागितली. मी विचारलं, त्यानं तिथे खरं काय म्हटलं होतं? त्यांनी त्या भाषेच्या माणसाला पुन्हा ऐकवलं म्हणे.

"काही नाही. बहुतेक थुंकी गिळली त्यानं."

१७ फेब्रुवारी

फार उशीर झालाय. कुणीतरी तेवढाच तुकडा कापलाय. निवेदन नाही, फोटो नाही, तलाव नाही. नुसता तो आणि माझा आवाज. या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. आज औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो, पुढच्या माणसाच्या खिशातून मी बोलायला लागलो! त्यानं घाईनं बंद केला. माझ्याकडे 'चोरून ऐकतो का रे' अशा नजरेनं बघितलं. माझाच आवाज, आणि मी चोर.

चूक ऐकणाऱ्यांचीही नाही. त्या माणसाचं खरं बोलणं इथे आजवर कुणालाच कळत नव्हतं. परक्या भाषेत गुरगुरणारा एक दाढीवाला, एवढंच. आता कळतंय.

पुलाखालच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगात लिहिलंय – मी आहे. हिच्या कामाच्या वाटेवर. दुपारी मी तिला शोधत गेलो तर ती बादली आणि तारेची घासणी घेऊन भिंत घासत होती. भर रस्त्यात, पदर खोचून. लोक बघत होते. मी दुसरी घासणी घेऊन आलो. शेजारी उभा राहून घासायला लागलो. ती 'मी' घासत होती, मी 'आहे'. रंग काही निघाला नाही, नुसता पसरला. हात सोलवटून निघालेत.

एका बाईनं विचारलं, "तुमची भिंत आहे का?" ही म्हणाली, "माझ्या भावाची."

२१ फेब्रुवारी

ही म्हणाली, "रागावू नकोस. थोडे दिवस घरात बोलू नकोस."

बायकोनं नवऱ्याला गप्प बस म्हणावं यात नवीन काय आहे! पण ती हात जोडून म्हणाली. आता मी खुणा करतो. मीठ हवं तर बोटं चोळतो. काल मी पंख्यासाठी हात फिरवला तर तिनं वाटली चटणी. क्षणभर दोघांनाही हसू आलं. मग परत गप्प. सुकत चाललोय आम्ही. कामंही नको म्हणतोय मी. अस्वलाच्या नव्या भागासाठी बोलावलं होतं, गेलो, आणि अस्वल बोललं ते त्याच्या श्वासात. बटणनं टेक पुसला. म्हणाला, "साहेब, घरी जा. झोपा जरा."

२६ फेब्रुवारी

पोलीस आले. एकच अधिकारी, साध्या कपड्यांत, सर्दीनं बेजार. रुमाल काढून सतत नाक पुसत होते. मला वाटलं मला न्यायला आले. बरंच वाटलं असतं.

एका बाईला पकडलंय. लॉण्ड्रीत इस्त्री करते, पंचेचाळिशीची, एकटी. तिनं कुठेतरी सामान ठेवलंय – ते 'सामान'च म्हणाले. उद्या फुटणार एवढं कळलंय, कुठे ते ती सांगत नाही. मार खाल्ला, उपाशी राहिली, वकिलाशीही बोलली नाही. एकच धोसरा – त्यांच्याशी बोलेन, त्यांनी सोड म्हटलं तर सोडेन.

मी खुणा करायला लागलो, मग आठवलं, यांच्याशी बोलायला हरकत नाही. "मग त्याला शोधा ना. माझ्याकडे काय?"

अधिकारी रुमालातून म्हणाले, "तिला त्याची भाषा येत नाही हो. तिनं त्याला कधी ऐकलेलंच नाहीये. ती ज्यांना ऐकत होती ते तुम्ही. इस्त्री करताना रोज लावायची म्हणे. त्यातलं 'मी आहे' तिला फार आवडतं."

खुर्चीचा हात धरला मी.

त्यांची योजना साधी आहे. तिला सांगायचं, त्यांचा फोन लागलाय. मी एकाच बाजूनं दिसणाऱ्या काचेच्या पलीकडे, माईकसमोर. तिला स्पीकरवर आवाज. म्हणजे माझं रोजचंच काम.

मी नाही म्हणणार होतो. मला तो आवाज परत काढायचा नव्हता. ही दारात उभी होती, सगळं ऐकत. "जा," म्हणाली. मग अधिकाऱ्यांसमोरच माझा हात धरला. "पण एक कर माझ्यासाठी. जागा कळली की त्या आवाजात सांग तिला – चुकलं माझं. मला शोधून मिळालं नाही ना? मग तू म्हण. जगात एका माणसाला तरी त्याच्या तोंडून ऐकू दे. तीही सुटेल. मीही."

"म्हणतो," मी म्हणालो. मोठ्यानं. घरात कितीतरी दिवसांनी.

अधिकाऱ्यांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं.

२७ फेब्रुवारी

सापडलं! नाट्यगृहाच्या जिन्याखाली, सतरंज्यांच्या गठ्ठ्यात. दुपारी मुलांचा खेळ होता तिथे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

सोपं गेलं. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. लहानखुरी बाई, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. माझा पहिला शब्द ऐकला आणि डोळे मिटून घेतले तिनं. खांदे खाली आले. मी म्हणालो, सोड आता. तिनं पत्ता सांगितला, अगदी कितवी पायरी तेसुद्धा. मग थोडं बोललो आम्ही. अधिकाऱ्यांनी बाहेर येऊन मला मिठीच मारली, सर्दीसकट.

ही फाटकापाशी उभी होती. "म्हणालास?"

"म्हणालो."

"मग? ती काय म्हणाली?"

"रडली."

हीसुद्धा रडली. रस्त्यातच, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, मोकळं. म्हणाली, बोल आता. काहीही बोल. आम्ही जेवलो आणि मी बोलत होतो – शेजाऱ्यांबद्दल, पंख्याबद्दल, अस्वलाबद्दल. अस्वलाचा आवाज काढून दाखवला तर म्हणाली, हा तुझा आहे. आतल्या खोलीत दार सताड उघडं टाकून झोपलीय. घोरतेय चक्क.

२८ फेब्रुवारी

म्हणालोच नाही मी ते.

जागा सांगून झाली होती. काही गरज उरली नव्हती. त्या बाईनं डोळे मिटूनच विचारलं, "मी चुकले का?" काचेपलीकडून अधिकारी हातानं सांगत होते, म्हणा, म्हणा काहीही. हिचं वाक्य मी वाटभर घोकत गेलो होतो. ओठांपर्यंत आलं होतं. श्वास घेतला – त्याचाच – आणि म्हणालो, "नाही गं. आपण कुठे चुकतो?"

तिला इतकं बरं वाटलं! आणि मलाही.